सागरी गोगलगायी : प्रजनन, विकास आणि लिंगबदल

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि समुद्राशी या जिल्ह्याचे नाते दुहेरी आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते, तर त्र्यंबकच्याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा आणि दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा या नद्या पश्चिमेकडे वळून अरबी समुद्र गाठतात. अशा रीतीने एकाच जिल्ह्यातील पाणी दोन समुद्रांना जाते. उलट दिशेने, समुद्रातील काही वस्तूही शतकानुशतके घाट चढून येथवर आल्या आहेत. देवघरातील शंख, तुळजाभवानीच्या भुत्यांच्या गळ्यातील कवड्यांच्या माळा आणि सोंगट्यांच्या पटावर पडणाऱ्या कवड्या यांचा परिचय नसलेले घर विरळाच.

शंख आणि कवडी ही वस्तुतः एका सजीवाची घरे होत. तो सजीव म्हणजे सागरी गोगलगाय. तिचा जन्म कसा होतो, ती वाढते कशी आणि काही जातींत नराची मादी कशी होते, हा जीवशास्त्रातील एक मनोरंजक विषय आहे. परंतु गेल्या अर्धशतकात त्याला एक गंभीर बाजूही प्राप्त झाली आहे. जहाजांच्या रंगातील एका रसायनामुळे जगातील अनेक बंदरांत या प्राण्यांच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये वाढू लागली आणि कित्येक ठिकाणी त्यांची वीण खुंटली. आपल्या शेजारी, गोव्यातील मुरगाव बंदर परिसरातही असा प्रकार नोंदला गेला आहे. पाण्याच्या शुद्धतेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हा सर्व वृत्तांत मुळापासून समजून घेणे उपयुक्त ठरेल.

शंखातील प्राणी

गोगलगायीचा समावेश मृदुकाय प्राण्यांच्या उदरपाद वर्गात होतो. शरीर मऊ असते, पोटाखालचा स्नायुमय भाग पायाचे काम करतो, म्हणून उदरपाद हे नाव. बहुतेक जातींत पाठीवर पिळदार कवच असते. ते चुनखडीचे असून प्राणी स्वतःच ते निर्माण करतो आणि वयाबरोबर वाढवीत नेतो.

प्रजननाच्या दृष्टीने या वर्गात तीन प्रकार आढळतात. पावसाळ्यात शेताच्या बांधावर दिसणाऱ्या बहुसंख्य गोगलगायी उभयलिंगी असतात. म्हणजे एकाच प्राण्याच्या ठिकाणी नर व मादी या दोहोंची इंद्रिये एकाच वेळी असतात. समुद्रातील ‘समुद्री ससा’ या नावाने ओळखला जाणारा कवच अगदी अल्प असलेला प्राणीही याच प्रकारचा आहे. शंख, कवडी यांसारख्या सागरी गोगलगायींत मात्र नर व मादी वेगवेगळे असतात. तिसरा प्रकार या दोहोंहून निराळा. त्यात प्राणी आयुष्याचा पूर्वार्ध नर म्हणून आणि उत्तरार्ध मादी म्हणून घालवितो.

अंड्यापासून पिल्लापर्यंत

खडकाला टोपीसारखी चिकटून राहणारी लिंपेट ही गोगलगाय कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दिसते. तिच्यात मीलन होत नाही. नर व मादी आपापली शुक्राणू व अंडी सरळ पाण्यात सोडतात आणि फलन पाण्यातच घडून येते. फलित अंड्यातून प्रथम ट्रोकोफोर नावाचा भोवऱ्यासारखा सूक्ष्म डिंभ तयार होतो. पुढे त्याचे रूपांतर व्हेलिजर डिंभात होते. व्हेलिजरच्या डोक्याशी दोन पाळ्या असून त्यांच्या कडांवर बारीक केसांची झालर असते. ही झालर हलवीत तो पाण्यात तरंगतो. अनेक जातींत तो सूक्ष्म वनस्पतींवर उपजीविकाही करतो.

डिंभावस्थेतच उदरपाद वर्गाचे एक वैशिष्ट्य घडून येते. डोके व पाय जागच्या जागी राहतात आणि त्यांवरील शरीराचा भाग १८० अंशांतून पिळला जातो. त्यामुळे मागे असलेले उत्सर्जनद्वार डोक्याच्या वर येते. कवचाचा बाहेरून दिसणारा वेटोळा आणि शरीराचा हा पीळ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवे. काही काळ तरंगल्यानंतर डिंभ योग्य तळ शोधतो, पोहण्याच्या पाळ्या गळून जातात आणि लहानशी गोगलगाय सरपटू लागते.

अधिक विकसित जातींत फलन मादीच्या शरीरात होते. ती अंडी चामड्यासारख्या मजबूत संपुटांत बंद करून खडकाला किंवा वाळूत रोवून ठेवते. कवडीची मादी तर आपल्या अंड्यांवर पाय पसरून, जणू कोंबडीप्रमाणे, डिंभ बाहेर पडेपर्यंत बसून राहते. मन्नारच्या आखातात सापडणाऱ्या, आपल्या पूजेतील शंखाची अंडसंपुटे एकापुढे एक जोडलेली असून त्यांची मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली लांब माळ तयार होते. त्यांतून पोहणारा डिंभ बाहेर येत नाही. कवच धारण केलेले, सरपटणारे पिल्लूच बाहेर येते. युरोपच्या किनाऱ्यावरील डॉग व्हेल्क या शिकारी गोगलगायीचीही रीत हीच. तिच्या एका संपुटात शेकडो अंडी असतात. पण त्यांतील थोडीच वाढतात आणि उरलेली त्या वाढणाऱ्या पिल्लांचे अन्न बनतात.

या दोन रीतींतील फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तरंगणारे डिंभ प्रवाहाबरोबर दूरवर जातात. त्यामुळे एखाद्या ठिकाणची वस्ती नष्ट झाली तरी दुसरीकडून आलेल्या डिंभांमुळे ती पुन्हा उभी राहू शकते. ज्यांची पिल्ले संपुटातून निघून त्याच खडकावर सरपटतात, त्यांना अशी बाहेरची मदत सहजासहजी मिळत नाही. एका खडकावरील वीण थांबली की ती वस्ती संपली.

प्रथम नर, नंतर मादी

नैसर्गिक लिंगबदलाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्लिपर लिंपेट या गोगलगायीचे आहे. कवचाच्या आतील अर्ध्या भागावर पडदी असल्यामुळे ते उलटे धरल्यास सपातेसारखे दिसते. मूळची ही जात उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आणलेल्या कालवांबरोबर ती इंग्लंडमध्ये पोहोचली.

या गोगलगायी एकमेकींच्या पाठीवर बसून उतरंड रचतात. उतरंडीच्या तळाशी सर्वांत मोठी व वयस्क मादी असते. वरच्या बाजूस लहान नर असतात. मधली एखादी संक्रमणावस्थेत असते. डिंभ पोहत येऊन उतरंडीवर स्थिरावला की तो प्रथम नर होतो. तळची मादी मरण पावली की तिच्या लगतच्या नराचे नरेंद्रिय हळूहळू आक्रसते, अंडाशय व अंडवाहिनी विकसित होतात आणि तो मादी बनतो. एकदा मादी झालेला प्राणी पुन्हा नर होत नाही.

हा क्रम असाच का असावा? याचे सयुक्तिक उत्तर अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मायकेल गिझेलिन यांनी १९६९ मध्ये मांडले. शुक्राणू अतिसूक्ष्म असतात. लहान शरीराचा प्राणीही ते विपुल प्रमाणात निर्माण करू शकतो. अंड्यांना मात्र पोषक द्रव्यांचा साठा लागतो आणि मोठे शरीर असल्यास अंडी अधिक होतात. म्हणून लहानपणी नर व मोठेपणी मादी होणाऱ्या प्राण्याची संतती सर्वाधिक होण्याचा संभव असतो. मोठ्या नराला प्रतिस्पर्ध्यांना हुसकावून लावण्याचा लाभ मिळतो, अशा काही माशांमध्ये हाच हिशेब उलटतो आणि मादीचा नर होतो.

या बदलाचा क्षण केवळ वयावर ठरत नाही, सोबत्यावरही ठरतो. स्लिपर लिंपेटच्या एका उष्णकटिबंधीय भाईबंदावर पनामा येथे झालेले संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन नर एकमेकांना स्पर्श करू शकतील असे ठेवले असता त्यांतील मोठा लवकर मादी झाला आणि लहानाचा बदल लांबला. दोघांमध्ये जाळी ठेवून केवळ पाणी सामाईक ठेवले असता हा परिणाम तसा दिसून आला नाही. एवढ्याशा प्राण्यातही स्पर्शाच्या द्वारे परस्परांच्या आकारमानाचा अंदाज घेतला जातो, हे यावरून दिसते.

बुडबुड्यांचा तराफा करून समुद्राच्या पृष्ठभागावर उलटी तरंगणारी जांभळ्या रंगाची जांथिना ही गोगलगायही प्रथम नर व नंतर मादी असते. उबदार समुद्रांत ती सर्वत्र आढळते. वाऱ्याच्या जोराने ती किनाऱ्यावर फेकली जाते.

येथवर जे वर्णन केले, तो निसर्गनियमानुसार होणारा बदल होय. त्यात एक इंद्रिय मागे पडते, दुसरे त्याची जागा घेते आणि प्रजननाचे कार्य अखंड चालू राहते. यापुढील प्रकार बाह्यतः याच्यासारखा दिसला तरी त्याच्या नेमका उलट आहे.

रंगाने लादलेला बदल

जहाजाच्या बुडाशी शेवाळ, बार्नॅकल व इतर जीव चिकटतात. त्यामुळे जहाजाचा वेग घटतो आणि इंधन अधिक लागते. हे टाळण्यासाठी १९६० नंतरच्या काळात ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे सेंद्रिय संयुग मिसळलेले रंग प्रचारात आले. रंगातून हे विष सावकाश पाण्यात उतरे आणि बूड स्वच्छ राही. जहाजमालकांच्या दृष्टीने हा शोध अत्यंत लाभदायक ठरला.

१९७० मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथील डॉग व्हेल्क माद्यांमध्ये नरेंद्रियासारखा अवयव आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढील वर्षी अमेरिकेत चिखलात राहणाऱ्या दुसऱ्या एका गोगलगायीत हाच प्रकार दिसून आला आणि त्यास ‘इम्पोसेक्स’, म्हणजे लादलेले लिंग, असे नाव देण्यात आले. कारण मात्र दहा वर्षे अज्ञात राहिले. नौका नांगरण्याच्या जागांजवळ हा दोष अधिक, दूर गेल्यास कमी, या निरीक्षणावरून माग काढीत १९८१ मध्ये त्याचा संबंध जहाजांच्या रंगाशी जोडण्यात आला.

या दोषात मादीचा खरोखर नर होत नाही. तिच्या मूळ इंद्रियांवर नरेंद्रिय व शुक्रवाहिनी यांची भर पडते. डॉग व्हेल्कमध्ये ही नवी वाहिनी वाढत जाऊन अंडी बाहेर पडण्याचे द्वार बंद करते. अंडसंपुटे तयार होतात. पण बाहेर पडू शकत नाहीत. ती आतच साचतात आणि पुढे मादी दगावते. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी यामागील कार्यकारण उलगडण्याच्या दिशेने महत्त्वाचे पाऊल टाकले. पेशींतील ज्या ग्राहकाद्वारे अवयवांच्या वाढीचे संदेश स्वीकारले जातात, त्यालाच हे रसायन चिकटते आणि खोटा संदेश देते, असे त्यांनी दाखविले.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे विषाचे प्रमाण. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा एक अब्जांश भाग, एवढ्या अल्प मात्रेच्या आसपासच डॉग व्हेल्कवर परिणाम सुरू होतो. नाशिककरांना परिचित असे माप घ्यावयाचे झाल्यास गंगापूर धरणाचे घेता येईल. त्याची साठवणक्षमता सुमारे साडेपाच हजार दशलक्ष घनफूट आहे. ते काठोकाठ भरले असता त्यातील सर्व पाण्यात हे प्रमाण येण्यास साधारण दीडशे ग्रॅम पदार्थ पुरेल. म्हणजे एक लहान वाटीभर. अशा पाण्याला वास नसतो, रंग नसतो. त्यात मासे मरून तरंगत नाहीत. मोठ्या गोगलगायीही काही काळ पूर्ववत फिरत राहतात. दिसेनाशी होतात ती फक्त पिल्ले.

मुरगावची नोंद

भारतीय सागरात असे काही घडत आहे काय, या प्रश्नाचे उत्तर गोव्यातून मिळाले. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मुरगाव बंदर परिसरातील क्रोनिया कोंकणेन्सिस या गोगलगायीची तपासणी केली आणि तिच्या माद्यांमध्ये इम्पोसेक्स असल्याची नोंद १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या जातीच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, त्याच जातीने हा इशारा द्यावा, हा योगायोग लक्षणीय आहे. जायरिनियम नॅटेटर ही दुसरी एक गोगलगाय भारतीय किनाऱ्यावर अशा प्रदूषणाची निदर्शक म्हणून उपयोगी पडू शकेल, असे याच संस्थेच्या संशोधनातून २००६ मध्ये पुढे आले.

निदर्शक प्राणी म्हणजे काय, हे येथे स्पष्ट करणे इष्ट होईल. पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठविला तर त्या क्षणीची स्थिती कळते. गोगलगाय त्याच खडकावर महिनोन् महिने राहते. तिच्या शरीरात त्या सर्व काळाचा लेखाजोखा नोंदला जातो. ‘कवडीमोल’ हा शब्द भाषेत क्षुल्लक या अर्थी रूढ असला, तरी या बाबतीत कवडीच्या कुळाची साक्ष फार मोलाची ठरली आहे.

बंदी आणि सुधारणा

या साक्षीची दखल प्रथम घेतली गेली ती माणसाच्या उपजीविकेला धक्का बसला तेव्हा. फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरात कालवांची मोठी शेती आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे कालवांचे बीज मिळेनासे झाले आणि मोठ्या कालवांची कवचे विकृत व जाड होऊ लागली. नौकांच्या रंगाचा दोष निदर्शनास येताच फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकांवर हा रंग वापरण्यास निर्बंध घातला. पुढे कालवांचे बीज पुन्हा मिळू लागले. ब्रिटनने १९८७ मध्ये तसेच पाऊल उचलले. त्यानंतर ५ ऑक्टोबर २००१ रोजी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने जहाजांच्या घातक रंगांवरील करार संमत झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अंमलात आला.

बंदीनंतर अनेक ठिकाणी डॉग व्हेल्कच्या वस्त्या सावरल्या. तथापि, वर सांगितल्याप्रमाणे तिची पिल्ले पोहत नसल्यामुळे जेथून ती समूळ नाहीशी झाली होती, तेथे परतण्यास दीर्घ काळ लागला. शिवाय बंदरांच्या तळाशी साचलेल्या गाळात हे संयुग वर्षानुवर्षे टिकून राहते. रसायन वापरात आणणे सोपे, ते परत गोळा करणे दुरापास्त, हा धडा यातून मिळतो.

नाशिक जिल्ह्यासाठी बोध

नाशिकच्या नद्यांत समुद्रगामी जहाजे चालत नाहीत. त्यामुळे नेमका हाच दोष येथे शोधण्याचे कारण नाही. परंतु या वृत्तांतातील मूळ तत्त्व कोणत्याही ओढ्यास, तलावास वा नदीस लागू पडते. ‘मासे मेले नाहीत, म्हणजे पाणी चांगले’ ही समजूत अपुरी आहे. विषबाधा केवळ मृत्यूच्या रूपाने प्रकट होत नाही. वीण खुंटण्याच्या रूपानेही होते आणि दुसरा प्रकार लवकर लक्षात येत नाही. पाण्याची प्रकृती जाणून घ्यावयाची असेल, तर त्यात मोठे प्राणी आहेत काय एवढेच न पाहता, त्यांची अंडी व पिल्ले आहेत काय, हेही पाहिले पाहिजे.

या कामी शाळा व ग्रामपंचायती यांना सहज करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. गावच्या ओढ्यात किंवा पाझर तलावात गोड्या पाण्यातील गोगलगायी असतातच. त्यांतील काही पाणवनस्पतींच्या पानांखाली पारदर्शक चिकट पुंजक्यांत अंडी घालतात, तर तळ्यात राहणारी पट्ट्यापट्ट्यांची एक परिचित जात जिवंत पिल्लांना जन्म देते. शिक्षकांनी दर ऋतूत ठरावीक जागी पाहणी करून अंडी, पिल्ले व मोठे प्राणी यांची नोंद विद्यार्थ्यांकडून वहीत ठेवून घ्यावी. काही गोड्या पाण्यातील गोगलगायींतून गुराढोरांस यकृतातील पर्णकृमींसारख्या परजीवींची बाधा होते आणि काही परजीवींमुळे माणसाच्या अंगास खाज सुटते. म्हणून मुलांना उघड्या पायांनी पाण्यात उतरू देऊ नये, हातमोजे वापरावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

अशा नोंदीत दोन-तीन वर्षे सलग पिल्ले कमी आढळली, तर तेवढ्यावरून विषाचा निष्कर्ष काढता येणार नाही. अवर्षण, गाळ किंवा पूर हीदेखील कारणे असू शकतात. परंतु पाण्याची तपासणी करून घेण्यास ते सबळ कारण ठरते. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक येथील कार्यालयाशी संपर्क साधता येईल. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा याच प्रयोजनासाठी आहे. फवारणीचे पंप ओढ्यात धुणे आणि औषधांचे रिकामे डबे काठावर टाकणे या सवयी ग्रामसभेत चर्चा घडवून बंद करता येण्यासारख्या आहेत. त्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

शैक्षणिक सहलीच्या निमित्ताने जिल्ह्यातील विद्यार्थी कोकणात जातात. ओहोटीच्या वेळी खडकावर लिंपेट, कपारीत अंडसंपुटांचे पुंजके त्यांना प्रत्यक्ष दाखविता येतील. पाहण्यासाठी उचललेला दगड पूर्ववत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूस पुढील पिढी चिकटलेली असते. जिवंत शंख-कवड्या गोळा करू नयेत. २००१ पासून अनेक सागरी मृदुकाय जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण देण्यात आले आहे, याची जाणीव शिक्षकांनी द्यावी.

दमणगंगा व वैतरणा यांचे पाणी ज्या समुद्राला जाते, त्याच समुद्राच्या काठी मुरगाव आहे. डोंगरमाथ्यावर जे पाण्यात सोडले जाते, त्याचा हिशेब खाली कोठे तरी होतो. ग्रामपंचायतींनी आपल्या ओढ्यातील अंड्यापिल्लांची नोंद येत्या पावसाळ्यापासून ठेवावयास प्रारंभ केला, तर तो हिशेब वेळीच आणि उगमापाशीच पाहता येईल.